घटाला राखलेलं धान्य

दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत. तीळ घालून खरपूस परतल्या की दोन वेळची चटणी होते.

कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली तर झटकायची. चोळायची नाही.

चौकशीला बसलेल्या साहेबांपैकी एकजण सारखा बडीशेप चघळत होता.

ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला.

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी घट बसत नाहीत.

शिडी लाकडी होती.

"वहिनी, कढीपत्ता तुम्ही नेणार का हो?"

हे मालनकाकूनं विचारलं. आमच्या मागच्या अंगणात, भर दुपारी, हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडं सारत. तिच्यामागं तिची सासू गजराबाई उभी होती आणि न्हाणीघराचा पत्रा बोटानं ठोकून बघत होती.

"आत्ताच इचारून ठेवते," मालनकाकू म्हणाली. "न्हाईतर पुन्हा म्हणाल, मालननं झाड ठेवून घेतलं."

"झाड कसं नेऊ गं? मुळासकट टेम्पोत घालू?" आई म्हणाली. आणि हसली.

आण्णा गेल्यापासून आई हसलेली मी बघितली नव्हती. तिला हसू यावं, तेही मालनकाकूसमोर, याचा मला एवढा राग आला की मी उठून आत गेले आणि डाळ निवडायला बसले. डाळ निवडलेली होती. मी ती पुन्हा निवडली.

कॉलनीतल्या क्वार्टर्स सगळ्या एकसारख्या होत्या. पुढं व्हरांडा, मग एक खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि तारेच्या कुंपणातलं हातरुमालाएवढं अंगण. लोकांनी त्या अंगणात मोडक्या सायकली ठेवल्या होत्या, कुणी शेळी बांधली होती. आमच्या अंगणावर मात्र माझ्या आईचं घर चालायचं. कारखान्यातून मळी फुकट मिळायची, उसाचा रस गाळून राहिलेली, काळी आणि आंबूस वासाची. आण्णा शिफ्ट संपवून येताना सायकलच्या कॅरिअरला पोतं लावून ती आणायचे. आई ती कुजवून वाफ्यात घालायची. आमच्याकडं भाजी विकत आणल्याचं मला आठवत नाही.

आण्णा श्रावणात गेले. कारखाना तेव्हा बंद असतो, नुसती दुरुस्ती चालते. रसाच्या टाकीवर चढले होते, खाली निवृत्तीकाकानं शिडी धरली होती. निवृत्तीकाका म्हणजे आण्णांचा हेल्पर, त्यांचा जोडीदार, आमच्या घरी जेवल्याशिवाय ज्याचा रविवार जायचा नाही तो. शिडी सरकली. आण्णा खाली पडले ते उठलेच नाहीत.

मग चौकशी झाली. चौकशीत प्रश्न एकच होता. आण्णा साहेबांनी सांगितलं म्हणून वर चढले, की शिफ्ट संपल्यावर आपल्या मनानं? सांगून चढले असतील तर ते कामावर गेले. मग त्यांच्या जागी आईला कारखान्यात काम मिळणार आणि क्वार्टर आमच्याकडं राहणार. मनानं चढले असतील तर आम्ही दोघींनी घर मोकळं करायचं. सांगणारा माणूस एकच होता. तो म्हणाला, मनानं चढले.

पुढच्याच आठवड्यात निवृत्तीकाकाला आण्णांची जागा मिळाली. जागेबरोबर आमची क्वार्टर.

आणि आता त्याची बायको विचारत होती, कढीपत्ता नेणार का.

०

पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळं त्यांना राहायला येता येत नव्हतं. अशा दिवसांत नव्या घरात कोण पाय ठेवतो? अमावास्येला आम्ही निघायचं आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला त्यांनी यायचं, असं ठरलेलं. दसऱ्याला बॉयलर पेटणार, तोवर सगळी माणसं आपापल्या जागी हवीत, असं ऑफिसातून सांगून गेले होते. तोवर मालनकाकू नुसती 'बघायला' यायची. रोज यायची.

आणि आई तिला शिकवायची.

ते बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मी आत, खिडकीखाली. त्या दोघी बाहेर. मालनकाकूचा हुंकार तेवढा मधेमधे.

पाऊस गेला की ऊन कसं चावतं बघितलंस ना, हे ऊन वाया घालवायचं नाही. भोपळा पिकला की बी काढ, राखेत घोळव आणि भिंतीला चिकटव, पुढच्या पावसापर्यंत किडा लागत नाही. काकडी एक वेलावरच राहू दे, सगळ्यात सरळ आणि जाड असेल ती. तिला चिंधी बांध, म्हणजे कुणी तोडणार नाही. खायचा मोह होतो, मला पण व्हायचा. दोडके जून झाले तर रडू नकोस. वाळव, आतली जाळी काढ, अंग घासायला होते, पाटलीणबाईला एक देऊन टाक, ती ताक देते. कारली आता संपत आली, वेल उपटू नकोस, मुळाशी काप. मूळ मातीतच कुजू दे. मेथी घटाच्या दिवसांत टाक. मुळा पण. पावटा कुंपणाला लाव, थंडीत पाटीभर शेंगा देतो. मातीवर पाचट अंथर, न्हाईतर हे ऊन दोन दिवसांत पाणी पिऊन टाकतं. आंघोळीचं पाणी अळूला जातं, मी तिथं विटेची वाट केलीया, ती मोडू नका. तांदूळ धुतलेलं पाणी पडवळाला. मावा पडला तर बंबातली राख, पण सकाळी, दव असताना. फुलं आली की राख न्हाई टाकायची. कळलं का?

"व्हय वहिनी."

"काय कळलं?"

"फुलं आली की राख न्हाई."

"शाणी हायस."

मी खिडकीखाली बसून माझ्या परकराची कड दातांनी तोडत होते.

संध्याकाळी शेजारच्या कदमकाकूंनी कुंपणावरून मान काढली. त्यांचं तोंड कुणाच्या बापाला ऐकायचं नाही.

"सगुणाबाई, तिला आता पाटावर बसवून ओटी पण भरा. म्हणजे झालं."

"भरू की," आई म्हणाली.

"अहो, तिच्या नवऱ्यानं तुमच्या पोटावर पाय दिला! आणि तुम्ही तिला मुळा कधी लावायचा ते सांगताय?"

"मुळ्यानं कुणाचं काय केलंय, काकू?"

कदमकाकूंनी माझ्याकडं बघितलं, डोक्याजवळ बोट नेऊन फिरवलं. मीही तेच समजत होते. दुःखानं बाई कामातून गेली.

०

पण नाही. आईला काहीतरी हवं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मालनकाकू त्या दिवशी एकटीच आली. आईनं तिला चहा दिला, गुळाचा. मग स्वतः खाली बसली, तिच्यापेक्षा खाली. मालनकाकू बाजल्याच्या कडेला आणि आई जमिनीवर. मला हे बघवत नव्हतं, पण मी बघत होते.

"मालन, तुला एक मागते."

"मागा की वहिनी."

"अमावास्येच्या आधी संचालकांची बैठक हाय. माझा अर्ज हाय तिथं. निवृत्तीदाजींना म्हणावं, एकदा जाऊन खरं तेवढं सांगा. साहेबांनी सांगितलं म्हणून हे वर गेले, एवढंच. त्यांची जागा जाऊ दे असं मी म्हणत न्हाई. ती ऱ्हाऊ दे त्यांना. क्वार्टर पण दुसरी देतील. मला कँटीनमधी भाकरी थापायचं काम दिलं तरी चालंल. पोरीची शाळा हितं हाय."

मालनकाकूनं कपबशी दोन्ही हातांनी धरली.

"वहिनी, मी काय... ते माझं ऐकत्यात व्हय?"

"रात्री जेवायला वाढशील तेव्हा म्हण. तेव्हा ऐकतात पुरुष."

"बरं."

"आपल्या मनानं चढणारा माणूस नव्हता हा," आई म्हणाली. "पावसात छपरावर कौल फिरवायचं म्हटलं तरी मला चारदा विचारायचा. चढू का गं? चढू का? अशा माणसानं शिफ्ट संपल्यावर टाकीवर कशाला जावं? काय ठेवलं होतं वर?"

मालनकाकू रडायला लागली. आईनं तिच्या हातातली कपबशी काढून घेतली, सांडू नये म्हणून.

म्हणजे हे होतं. शिकवणी नव्हती ती, लाच होती. आपल्याकडं द्यायला दुसरं काही नाही, तर माझ्या आईनं आपलं अंगण दिलं होतं, पानापानानं, आणि बदल्यात एक वाक्य मागितलं होतं. माझा राग त्या क्षणी गेला. त्या रात्री मी आईच्या पाठीला चिकटून झोपले आणि कँटीनच्या भाकरीचा वास कसा असेल याचा विचार करत राहिले.

०

दुसऱ्या दिवशी मालनकाकू आली ती सासूला घेऊनच. गजराबाई व्हरांड्यात ऐसपैस बसली, तंबाखूची चंची सोडली.

मालनकाकू मागं अंगणात आली. आई वाल तोडत होती. आईनं विचारलं नाही. वाल तोडत राहिली.

"वहिनी, ते म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"लिहून दिलेलं बदलता येत न्हाई म्हणाले."

"येतं."

"ते म्हणाले, आता काय बोललो तर साहेब माझ्यावरच उलटतील, म्हणतील शिडी तूच धरली होतीस."

"धरली होतीच."

"वहिनी, माझा काय विलाज..."

बाहेरून गजराबाईनं आवाज दिला, "मालन, न्हाणीचं दार उघडतंय का बघ गं! मागल्या घरात दारानंच जीव खाल्ला!"

आईनं वाल ओच्यातून पाटीत ओतला. पदरानं मान पुसली. "बरं," म्हणाली.

नुसतं बरं.

मग ती उठली आणि बंब पेटवायला गेली.

मला ते विचित्र वाटलं, पण तेवढंच. आमच्याकडं बंब पहाटे पेटायचा, एकदाच. सरपण म्हणजे चिपाडं आणि वाळका पाला, तोही जपून. आणि ते दिवस भाद्रपदातल्या उन्हाचे. दुपारी नळाचं पाणीच अंगाला चटके देत होतं. गरम पाणी कुणाला हवं होतं?

"आई, आंघोळ करणार?"

"न्हाई."

"मग?"

"भांडी तेलकट हायत. जा, पाटलीणबाईकडं दोडक्याची जाळी देऊन ये. वाळलीया."

मी गेले. पाटलीणबाईंनी ताक दिलं, थांबवून घेतलं, आण्णांची आठवण काढून डोळे पुसले. परत आले तेव्हा आईनं सुपात कापडावर काहीतरी ओलं पसरलं होतं. गहू, ज्वारी, मूग, सगळं एकत्र. उन्हात वाफ निघत होती.

"हे घटाचं ना?"

"व्हय."

आमच्याकडं घटाचं धान्य वेगळं राखलेलं असायचं. दरवर्षी सुगीत जे आलं, कुणी दिलं, त्यातलं टपोरं बघून मूठ मूठ आई बाजूला काढायची आणि राख घालून मडक्यात ठेवायची. घरात गहू संपले तरी त्या मूठभर गव्हाला हात लागायचा नाही. घट बसला की परडीत काळी माती घालून त्यात ते पेरायचं, मधे मातीचा घट, पाझरून पाझरून माती ओली राहते आणि नवव्या दिवसापर्यंत पिवळं लुसलुशीत रान उभं राहतं. आमचा घट कॉलनीत सगळ्यांत उंच उगवायचा. दसऱ्याला आण्णा त्यातला तुरा टोपीत खोवून बॉयलरच्या पूजेला जायचे. बायका आईला म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण हाय बाई.

त्या वर्षी घट बसणार नव्हता. ते धान्य नुसतंच मडक्यात होतं.

"ओलं कशाला केलं?"

"राख धुतली. जुनी झाली होती. नवी लावते."

मला पटलं. आईचं असं काहीतरी चालूच असायचं.

०

अमावास्येच्या सकाळी टेम्पो आला. मामानं पाठवलेला. सामान चढवायला वेळ लागला नाही. संचालकांच्या बैठकीत आईचा अर्ज वाचलाही गेला नव्हता, असं कदमकाकूंच्या नवऱ्यानं येऊन सांगितलं. आईनं मान हलवली, जणू तिला कुणी आज बाजार बंद आहे असं सांगितलं.

मालनकाकू आणि गजराबाई किल्ली घ्यायला आल्या. निवृत्तीकाका आला नव्हता. तो आला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता.

आईनं किल्ली दिली. मग कमरेची पुरचुंडी सोडली.

"हे घे. घटाचं धान्य. आमच्यात औंदा बसत न्हाई. पडून किडून जाईल, वाया कशाला घालवायचं? तू पेर."

मालनकाकूचा हात पुढं येईना. गजराबाईनं तंबाखू गालात सारली.

"दुसऱ्याच्या घरचं धान्य घटाला चालतंय व्हय गं, सगुणा?"

"दुसऱ्याचं घर कसं, मावशी? ह्याच घरात राखलंय. ह्याच मातीत दरसाली उगवलंय. घर तुमचं झालं, तर धान्य पण तुमचंच."

गजराबाई खूश झाली. "बघ मालन, मन असावं तर असं. घे. पाया पड तिच्या."

मालनकाकूनं पुरचुंडी घेतली, वाकून आईच्या पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला. "चांगलं उगवू दे," म्हणाली.

कुंपणापलीकडं कदमकाकू कपाळावर हात मारत होत्या.

टेम्पोत आम्ही मागं बसलो, गाद्यांवर. कारखान्याचं धुराडं बराच वेळ दिसत होतं, अजून धूर नसलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाला तुरे यायला लागले होते. आईनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि वाऱ्यानं तो फडफडत होता. मला तिच्याविषयी त्या वेळी फार मोठं काहीतरी वाटत होतं. इतकं सोसून जी देते ती माझी आई, असं काहीसं. मी ते बोलणार होते.

"ते उगवायचं न्हाई," आई म्हणाली.

"काय?"

"धान्य. उगवायचं न्हाई."

मला कळेना.

"आधणाचं पाणी ओतून झाकून ठेवलं होतं. मेलंय ते. मग वाळवलं, राख लावली. वरून कळत न्हाई."

टेम्पो खड्ड्यातून गेला. मडकी एकमेकांवर आपटली.

"आई, देवीचं ते!"

"मग देवीनं मला इचारावं. मी हाय की."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मुळा कधी लावायचा ते सांगताना असायचा तोच आवाज. जिनं आयुष्यात दोडक्याची शीर फेकली नाही, तिनं सगळ्यांत टपोरं धान्य स्वतःच्या हातानं मारलं होतं, त्यासाठी भर दुपारी सरपण जाळलं होतं. मी तिचे हात बघितले. नखांत राख होती.

"आणि भाजीचं बी? भिंतीवरचं?"

"ते चांगलं हाय," आई म्हणाली. "भाजीला कशाला मारू? पोट कुणाचंही असलं तरी पोटच असतंय."

नंतर आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. मामाच्या गावी आईनं दुसऱ्यांच्या शेतांत भांगलणी केली, मला शिकवलं, आणि माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती गेली. मामाच्या घरी घट बसायचा, तो मामी बसवायची. आई परडीला हात लावायची नाही. मामी म्हणायची, वन्सं, तुमच्या हाताला गुण म्हणं. आई म्हणायची, होता.

०

कदमकाकूंच्या नातीच्या लग्नाला गेले होते. कारखाना तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कॉलनीतली माणसं केस पिकून, दात पडून मांडवात भेटत होती. एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. गळ्यात काही नव्हतं. मनगटावरच्या बांगड्या काचेच्या नव्हत्या.

"संजीवनी न्हवं तू? सगुणावहिनींची?"

मालनकाकू. मी पाया पडले. काका कधी गेला विचारलं. तिनं सांगितलं. पंगत बसली होती, दोघी तिकडं बघत होतो.

"तुमचा कढीपत्ता होता अजून, मी क्वार्टर सोडस्तवर," ती म्हणाली. "पावटा तर काय लागायचा! सगळं वहिनींनी सांगितलं तसंच केलं मी. राख सकाळी, दव असताना."

"काकू..." मी म्हटलं. मी सांगणार होते. एवढ्या वर्षांनी, ती जेवायला बसायच्या आत.

"घट तेवढा उगवला न्हाई," ती म्हणाली.

मी तिच्याकडं वळले.

"तिसऱ्या दिवशी कोंब यायला पाहिजे. न्हाई आला. सासू रोज परडी बघायची आणि माझ्याकडं बघायची. हिचा हात वाईट, पाय वाईट, नव्या घरात अवदसा आणली. दसऱ्यापर्यंत ऐकलं. मग ती मरेस्तवर ऐकलं."

"काकू, ते धान्य..."

"उकडलेलं होतं." तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पंगतीत वाढणाऱ्या पोराला हातानं खुणावलं, जिलेबी इकडं आण. "चौथ्या दिवशी मी माती उकरून एक दाणा दाताखाली धरला. खेडेगावची पोर मी. उकडलेला गहू मला कळत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही सासूला का नाही सांगितलं?"

"सासूला सांगितलं असतं तर नवऱ्याला कळलं असतं."

"मग?"

जिलेबी आली. तिनं एक घेतली, एक माझ्या हातात दिली.

"तो त्या परडीसमोर बसून ऱ्हायचा. नुसती माती बघत. म्हणायचा, आण्णानं उगवू दिलं न्हाई. आण्णा घरातच हाय. जेवण जाईना, झोप न्हाई. दसऱ्याला सगळे टोपीत तुरे घालून बॉयलरला गेले, हा मोकळ्या डोक्यानं गेला. पुढं दरवर्षी घट उगवला माझा, कमरेएवढा उगवला, पर त्यानं तुरा कधी घेतला न्हाई. जन्मभर. मी म्हटलं असतं ना, अवो, आण्णा न्हाईत, वहिनींनी धान्य उकडून दिलंय, तर एका झटक्यात मोकळा झाला असता. आईमाई काढली असती वहिनींची, आणि झोपला असता गाढ."

तिनं जिलेबीचा पाक बोटावरून चाटला.

"साहेबांनी सांगितलं होतं आण्णांना वर जायला. ह्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. माझ्याजवळ कबूल केलं चौकशीच्या आदल्या रात्री, आणि सकाळी जाऊन उलटं लिहून दिलं. का? तर शिडी धरणाऱ्यावर येईल म्हणून. मग म्हटलं, भोग. आण्णाच म्हणून भोग."

"पण बोलणी तुम्ही खाल्ली."

"खाल्ली की." ती हसली. एक दात नव्हता. "कुणीतरी खायचीच होती. तुझी आई असती तर तिला सांगायचं होतं मला. तिला वाटलं असेल, मालननं मुकाट घेतलं. मुकाट न्हाई घेतलं. राखून ठेवलं."

मांडवात नवरीला बाहेर आणलं, अक्षता हातात आल्या, भटजींचा माइक किंचाळला. मालनकाकूनं अक्षता टाकल्या, माझा गाल कुरवाळला आणि पाठमोरी होऊन बायकांत मिसळून गेली. मी तिला तेवढी एक गोष्ट सांगितली नाही. ती तिला माहीत नसावी. माझ्या आईला माहीत होती, आणि घरात असल्यामुळं मला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी निवृत्तीकाका आमच्या दाराशी येऊन बराच वेळ उभा होता, वहिनी, वहिनी म्हणत. आईनं आतून कडी काढली नाही.